ग्राहकाच्या आतली पन्नास वर्षे

मोहाडी तालुक्यातले करडी हे भंडाऱ्याच्या भातपट्ट्यातले गाव. तिथे दुपारी पोटभर भात खाऊन उठलेल्या माणसाच्या रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि स्नायू ती साखर ओढून घेतात. टोरांटोत 1922 साली पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले, तेव्हापासून एवढे ढोबळ माहीत होते. पण इन्सुलिन पेशीला सांगते कसे, हे कळायला आणखी अर्धे शतक गेले.

1971 मध्ये फ्रेशे, रॉथ आणि नेव्हिल या संशोधकांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्सुलिन उंदराच्या यकृतपेशींच्या पटलावर ठरावीक जागी चिकटते, हे दाखवले. ही जागा म्हणजे इन्सुलिनचा ग्राहक, म्हणजेच रिसेप्टर. दवाखान्यात सांगतात ती कुलूप-किल्लीची गोष्ट याच जागेची. ती सोपी आहे, पण फारच तोकडी.

कारण 1982 मध्ये कासुगा आणि कान यांना दिसले की इन्सुलिन बाहेरून चिकटताच ग्राहकाचा आतला भाग स्वतःच्याच टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढवतो. म्हणजे ग्राहक हा स्वतःच एक विकर! 1985 मध्ये त्याचे जनुक वाचले गेले. त्याच वर्षी मॉरिस व्हाइट यांना, ग्राहक ज्याच्यावर फॉस्फेट चढवतो असे दुसरे एक मोठे प्रथिन आढळले. 1991 मध्ये त्याचेही जनुक हाती आले. नाव आयआरएस-1. मला या कथेतले सर्वांत रंजक पात्र हेच वाटते. ते स्वतः कुठलीच रासायनिक क्रिया घडवत नाही. फॉस्फेट चढलेल्या जागी पीआय-3 कायनेज या विकराला बसू देते, इतकेच. त्यातून एकेटी हे प्रथिन जागे होते, पेशीच्या आत थांबलेले ग्लूट-4 वाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत शिरते.

याच आयआरएस-1च्या टायरोसिनांऐवजी सेरिन या दुसऱ्या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढले, तर निरोप क्षीण होऊ शकतो. स्नायूत आणि यकृतात साचलेली चरबी असे घडवते, असे मानले जाते. रक्तात इन्सुलिन भरपूर, ग्राहक जागेवर, तरी साखर बाहेरच.

ही चरबी आपल्याकडे सडपातळ अंगातही लपते, हे दाखवले पुण्याने. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची, पण हाडकुळ्या पुणेरी बाळांची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. 2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली: दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2.

तेव्हा वजनकाट्यावर विसंबून निश्चिंत असलेल्या सडपातळ वाचकांनी कंबर मोजावी आणि उपाशीपोटीची साखर एकदा तपासून घ्यावी.