नागरी भूमि-उपयोगाचे उपग्रहीय निरीक्षण

एकाच प्रदेशाच्या, कृत्रिम उपग्रहांनी निरनिराळ्या काळी टिपलेल्या प्रतिमांची तुलना करून शहराचा विस्तार व जमिनीच्या वापरातील बदल ठरविण्याची पद्धती. अमेरिकेचा लँडसॅट–१ हा उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडण्यात आल्यापासून अशा अभ्यासास नियमित सामग्री मिळू लागली. त्याच्या प्रतिमांत सु. ८० मी.पेक्षा लहान तपशील उमटत नसे. १९८२ मधील लँडसॅट–४ मुळे ही मर्यादा ३० मी.पर्यंत आली. भारताचा आयआरएस–१ए हा दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी कक्षेत गेला.

उपग्रहावरील संवेदक घर किंवा शेत ओळखीत नाही. भूपृष्ठावरून परावर्तित झालेले प्रारण तो वेगवेगळ्या तरंगलांब्यांत मोजतो. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषतात व निकट-अवरक्त प्रारण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, तर पाणी ते जवळजवळ सर्व शोषून घेते. अशा भेदांवरून भूपृष्ठाच्या आच्छादनाचे वर्ग पाडतात. मात्र आच्छादन म्हणजे वापर नव्हे आणि या पद्धतीतील बहुतेक चुका हा फरक विसरल्याने होतात.

नवी मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाल्यामुळे या शहराची जवळजवळ सर्व वाढ उपग्रह-प्रतिमांत नोंदली गेली आहे. भातखाचरे, मिठागरे व खाजणे यांच्या जागी वसाहती कशा आल्या, तसेच ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्‌घाटन झालेल्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कशी सपाट झाली, हे त्यांवरून दिसते. परंतु उन्हाळ्यातील कोरडे खाचर आणि बांधकामासाठी मोकळा केलेला भूखंड प्रतिमेत सारखेच भासू शकतात. म्हणून तुलनेच्या प्रतिमा एकाच ऋतूतील घेतात. पावसाळ्यात ढगांमुळे त्या बहुधा निरुपयोगी ठरतात. ठाण्याच्या खाडीकाठी आणखी एक अडचण येते : एक प्रतिमा भरतीची व दुसरी ओहोटीची असल्यास उघडा पडलेला चिखल भराव टाकून मिळविलेली जमीन समजला जाण्याचा संभव असतो.

जुने गावठाण व नियोजित सेक्टर हे दोन्ही नकाशावर ‘बांधीव क्षेत्र’ म्हणूनच उमटतात. जमीन कोणाची होती, ती कोण कसत होते, हे प्रतिमा सांगत नाही. त्यासाठी सातबाऱ्यावरील नोंदी व प्रत्यक्ष स्थळपाहणी यांचाच आधार घ्यावा लागतो.