सायकलच्या साखळीला कोणते वंगण?

स्मरणिकेसाठी यंदा लेख मागताना संपादकांनी पित्ताशयातील खड्यांवर लिहावे असे सुचविले होते. परंतु आपल्या बैठकांनंतरच्या चहाच्या वेळी मला पित्ताशयाविषयी कोणी विचारल्याचे आठवत नाही. विचारतात ते सायकलविषयी, आणि त्यातही एकच प्रश्न फिरून फिरून येतो : "डॉक्टर, चेनला कोणते तेल घालू?" आपल्यापैकी बरेच जण पन्नाशीनंतर गिअरच्या सायकलींकडे वळले आहेत. रविवारी पहाटे पिरनवाडीवरून जांबोटीच्या रस्त्याला लागले की ओळखीची मंडळी हमखास भेटतात. या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःच्या मनगटाचे हाड मोडून घेतल्यावर समजले, म्हणून ते थोडे सविस्तर मांडतो.

२०१८ च्या पावसाळ्यात जांबोटीच्या अलीकडील एका चढावर जोर लावण्यासाठी मी पेडलवर उभा राहिलो, आणि साखळी मागील चक्राच्या दात्यांवरून खाडकन निसटली. मी डाव्या हातावर पडलो. सहा आठवडे प्लास्टर, आणि ठरलेल्या शस्त्रक्रियांपैकी काही पुढे ढकलाव्या लागल्या, काही सहकाऱ्यांच्या हवाली कराव्या लागल्या. त्या रुग्णांना कारण सांगताना मला जी शरम वाटली ती अजून विसरलेलो नाही. कारण दोष रस्त्याचा नव्हता, सायकलीचाही नव्हता. वर्षभर मी साखळीला रोज तेल घालीत होतो, तेही महागडे, बाटलीवर टेफ्लॉनचा उल्लेख असलेले. तरी ती झिजली. नवी साखळी बसविताना मागील दातेरी चक्रांचा संचही बदलावा असे कारागिराने सांगितले होते. खर्च वाचविण्यासाठी मी नको म्हटले. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी नीट बसत नाही आणि जोर पडताच घसरते, हा धडा मला पुढील पंधरा दिवसांत मिळाला.

आपल्या सवयीप्रमाणे आधी रचना पाहू. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे रोलर असलेल्या साखळीचे पेटंट घेतले; आजची साखळी तिचीच वंशज आहे. बाहेरच्या पट्ट्या, आतल्या पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन आणि पिनेभोवती फिरणारा रोलर, अशा शंभरावर कड्या मिळून ती बनते. प्रत्येक कडी म्हणजे एक सांधा आहे. साखळी दात्यांवर चढताना आणि उतरताना हा सांधा वाकतो, आणि घर्षण होते ते पिन व तिच्याभोवतीची आतली बाजू यांच्यामध्ये, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. "साखळी ताणली" असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणलेले नसते. प्रत्येक पिन किंचित झिजते, आणि शंभर सांध्यांची ती किंचित झीज एकत्र होऊन साखळी लांब होते.

म्हणजे वंगणाची गरज आत आहे, आणि आपण ते चोपडतो बाहेर. माझी चूक नेमकी हीच होती. बाहेर राहिलेले तेल धूळ धरून ठेवते. आपल्याकडे पश्चिमेला खानापूरकडची तांबडी माती आणि पूर्वेला काळी. दोन्ही तेलात कालवल्या गेल्या की व्हॉल्व्ह घासण्याच्या पेस्टसारखा लगदा तयार होतो. रोज नवे तेल घालून मी तो लगदा रोज पातळ करून आत पोहोचवीत होतो.

तेलाने सायकल हलकी चालते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ मध्ये झालेल्या प्रयोगांत साखळीची कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत आढळली, आणि वंगण बदलल्याने तीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण प्रयोगशाळेतील ती साखळी स्वच्छ होती. आपल्या रस्त्यांवर वंगणाचे खरे काम आहे ते झीज रोखण्याचे, गंज टाळण्याचे आणि चिखलाला आत शिरू न देण्याचे.

टेफ्लॉनविषयीचा माझा भ्रम माझ्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने प्लास्टर घालतानाच दूर केला. "चार्नलींची गोष्ट विसरलास काय?" असे त्याने विचारले. सर जॉन चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी प्रथम टेफ्लॉनच वापरले होते, कारण घर्षण अत्यल्प. घर्षण कमी होते हे खरे, पण ते सांधे थोड्याच वर्षांत झिजले, आणि झिजलेल्या कणांनी भोवतालच्या ऊतींत प्रतिक्रिया उठविली. १९६२ मध्ये ते उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनकडे वळले तेव्हा कोठे शस्त्रक्रिया यशस्वी झाली. घर्षण कमी असणे आणि झीज कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाटलीवरील टेफ्लॉन या शब्दाला मी त्यानंतर भुललो नाही.

आता निवड. घरातले खोबरेल साखळीला घालू नये. सुमारे २४ अंशांखाली ते गोठते, आणि बेळगावच्या हिवाळी पहाटे बाटलीत काय होते हे आपण जाणतोच. इंजिनातून काढलेले काळे ऑइल फुकट मिळते, पण त्यात धातूचे कण असतात. ग्रीस घट्ट असल्याने पिनेपर्यंत पोहोचत नाही. अपवाद नव्या साखळीचा : तिला कारखान्यातच लावलेले ग्रीस आतपर्यंत गेलेले असते, म्हणून ते धुवून काढू नये, बाहेरून पुसावे. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये पाणी हटविण्यासाठी शोधलेले द्रव्य आहे. गंजलेला नट सोडवायला उत्तम, परंतु त्यातील बराचसा भाग उडून जातो आणि टिकाऊ वंगण मागे राहत नाही. शिलाई मशिनचे तेल मात्र वाईट नाही. आपण बद्धकोष्ठासाठी देत आलो ते लिक्विड पॅराफिन आणि हे तेल एकाच खनिज कुळातले. ते आत झिरपते, मात्र पहिल्या सरीत धुवून जाते.

आमचे जुने कंपाउंडर तीस वर्षे हेच तेल घालीत आणि त्यांची साखळी माझ्याहून कितीतरी अधिक टिकली. त्याचे श्रेय तेलापेक्षा त्यांच्या सायकलीच्या पूर्ण बंद चेनकव्हरला द्यावे लागेल. गिअरच्या सायकलीला ते कवच नसते.

तेव्हा जूनपासून सप्टेंबरपर्यंत दाट, पाण्यात न धुतले जाणारे 'वेट ल्यूब' वापरावे. ते धूळ ओढते, पण कणकुंबीच्या पावसात दुसरे काही टिकत नाही. दिवाळीनंतर रस्ते कोरडे झाले की मेण सर्वांत चांगले. साखळी काढून रॉकेलमध्ये खळखळून धुवावी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलाचा अंश काढावा व पूर्ण वाळू द्यावी. मगच वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवावी. मेण थेट आचेवर नव्हे, उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, आणि अल्कोहोलची बाटली तेथून दूर ठेवावी. फिजिओथेरपी विभागातील मेण पळविण्याचा मोह मलाही झाला होता, पण त्यात बहुधा लिक्विड पॅराफिन मिसळून ते मऊ केलेले असते. साखळीला शुद्ध व कडक मेण हवे. थंड झालेली साखळी काठीसारखी ताठ होते, म्हणून प्रत्येक सांधा हाताने वाकवून मोकळा करावा. मेणाला धूळ चिकटत नाही, परंतु एका पावसात गंज धरतो, हे विसरू नये.

तेल घालताना प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाकावा, पेडल उलटे फिरवून ते आत जाऊ द्यावे. हे काम आदल्या रात्री करावे. सकाळी निघण्यापूर्वी कोरड्या फडक्याने बाहेरचे सगळे तेल पुसून टाकावे. हात फिरविल्यास बोट जेमतेम ओले व्हावे, इतपत.

आणि महिन्यातून एकदा पट्टी लावून पाहावी. २४ अर्ध्या इंचांच्या कड्या, म्हणजे पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. एक सोळांश इंच, म्हणजे कारागिरांच्या हिशेबाने अर्धे सूत जास्त भरले, की साखळी बदलावी. दाते बहुधा वाचतात. पूर्ण सूत भरले तर दातेही गेले असे समजावे आणि दोन्ही एकदम बदलावेत. माझी पट्टी आता दवाखान्याच्या खणात रक्तदाबमापकाशेजारी असते. कोणाला हवी असल्यास सायकल घेऊन यावे.