खुणेच्या जागी क्रमांक : संगणकाकडून करून घ्यायचे एक काम



प्रश्नपेढी तयार करताना दरवेळी एकच रड असते. दोनशे प्रश्नांना हाताने क्रमांक घालून झाले, की छपाईच्या आदल्या दिवशी कुणीतरी सातवा प्रश्न गाळायला सांगते. पुढचे सगळे क्रमांक बदलावे लागतात. त्यात एखादा राहिला, तर उत्तरसूची एका घराने सरकते आणि मुले आपले बरोबर उत्तर चूक समजून खोडतात.

यावर उपाय म्हणजे मूळ फाइलमध्ये क्रमांक लिहायचेच नाहीत. प्रत्येक प्रश्नाच्या आधी ## अशी खूण करावी. क्रमांक संगणकाने द्यावेत, तेही फक्त छपाईच्या प्रतीत. खूण म्हणून 'प्रश्न' हा शब्द मात्र घेऊ नये. संगणक 'प्रश्नपत्रिका' आणि 'प्रश्नचिन्ह' यांतही तो शोधून काढतो आणि तिथेही आकडा चिकटवतो!

नेहमीचे 'शोधा आणि बदला' इथे उपयोगी नाही, कारण ते सगळीकडे एकच मजकूर घालते. आपल्याला हवे आहे मोजणारे साधन. १९७७ साली बेल प्रयोगशाळेत तयार झालेली ऑक ही भाषा मोजू शकते. पण तिथे एक खोच आहे. 'मोजणी एकाने वाढव आणि खुणेच्या जागी घाल' एवढेच सांगितले, तर ज्या ओळीत खूण नाही तिथेही मोजणी वाढते. मग प्रश्न १, ४, ५, ९ असे निघतात. म्हणून ओळीत खूण आहे का हे आधी तपासायला सांगावे, आणि खुणा संपेपर्यंत तेच पुन्हा करायला लावावे.

मला १९८७ साली आलेली पर्ल जास्त सोयीची वाटते. तिच्या बदलण्याच्या आज्ञेच्या शेवटी 'जी' आणि 'ई' ही दोन अक्षरे जोडतात. 'जी' म्हणजे ओळीतील सर्व खुणा घे. 'ई' म्हणजे नवा मजकूर जसाच्या तसा न ठेवता आधी हिशेब कर. नव्या मजकुराच्या जागी मोजणीचे नाव लिहून त्याच्या आधी ++ दिले, की प्रत्येक खुणेला पुढचा आकडा मिळतो. काम एका ओळीत होते. उत्तरसूचीलाही त्याच क्रमाने खुणा करून ही आज्ञा वेगळी चालवावी. दोन्ही फाइली एकदम दिल्या, तर उत्तरांचे क्रमांक २०१ पासून सुरू होतील.

निघालेला मजकूर नव्या नावाने साठवावा. > हे चिन्ह देऊन जुनेच नाव लिहिले, तर वाचन सुरू होण्याआधीच ती फाइल रिकामी होते. हे मी एकदा करून बसलो आहे. सुदैवाने आदल्या दिवशीची प्रत होती.

राहिला अंकांचा प्रश्न. हे आकडे इंग्रजी लिपीत येतात. ते देवनागरी करायला अनेकजण 'टीआर' ही आज्ञा वापरतात आणि कागदावर भलतीच चिन्हे उमटतात. लिनक्सवरील ही आज्ञा सहसा अक्षरे नव्हे, बाइट मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये आपला एक अंक ३ बाइटांचा असतो. त्याऐवजी 'सेड'ची 'वाय' ही आज्ञा घ्यावी. संगणक यूटीएफ-८ वर बेतलेला असेल, तर ती अंकाला अंक बदलते. प्रश्नांच्या मजकुरातील इंग्रजी अंकही त्याबरोबर बदलतात, तेव्हा गणिताची प्रश्नपेढी असल्यास तेवढे पाहून घ्यावे.