धृपद उचलणारे

कडव्याचा शेवटचा शब्द गाणारा पुरता संपवत नाही. अर्धी मात्रा आधीच तो सोडून देतो आणि मागे बसलेले चारपाच जण धृपद उचलतात. हा सांधा असा बेमालूम जुळावा लागतो, की समोरच्याला आवाज बदलल्याचं कळू नये. तो नुसता मोठा झाल्यासारखा वाटावा. तेवढ्या वेळात गाणाऱ्याने छाती भरून श्वास घ्यायचा, घोटभर पाणी प्यायचं, खंजिरीवरची पकड सैल करायची. धृपद दोनदा फिरलं की तो पुढच्या कडव्याला मोकळा. रात्ररात्र चालणाऱ्या भजनात गळा टिकतो तो मागच्यांच्या जोरावर.

तिवसा तालुक्यातल्या एका गावात, श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थना मंदिरात, हे मी पेटीच्या अगदी शेजारी बसून पाहिलं. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस. दिवसभर वावरात वाकलेली माणसं अंघोळ करून, भगवी टोपी घालून आली होती. सामुदायिक प्रार्थना आटोपली आणि सतरंजीवर अर्धगोल धरून मंडळी बसली. मोझरीचा तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव तोंडावर आला होता, म्हणून तालमीला जोर होता.

त्या रात्री मुख्य गाणाऱ्या बुवांचा गळा बसला होता. नेहमीची काळी दोनची पट्टी त्यांना झेपेना. पहिल्याच भजनात वरच्या स्वरावर आवाज फाटला आणि पेटीवाल्या काकांनी भाता थांबवला. "मी म्हणत होतो ना, काळी एक घ्या म्हणून," ते म्हणाले. "गळा हाये तो, लोखंड नाही." पट्टी उतरवायची ठरली आणि एका माणसाच्या गळ्यापायी सगळ्यांचीच कामं बदलली. काकांना प्रत्येक चालीची बोटं नव्याने बसवावी लागली. पट्टी सरकवायची सोय असलेली महागडी पेटी या मंडळाकडे नाही. तबलजीने हातोडी काढून गजऱ्याला खालून ठोके देत तबला उतरवला, पण एवढा उतरवल्यावर त्याच्या आवाजातला टणत्कार गेला. मग त्याने बोटांची जागा किंचित किनारीकडे नेली आणि नाद पुन्हा मोकळा केला. खंजिरीला तशी पट्टी नसते. पण खालच्या पट्टीत ती फार कडक वाजली तर कानाला बोचते, म्हणून खंजिरीवाल्याने कातड्याला आतल्या अंगाने ओला हात फिरवला.

ही खंजिरी हातात घेऊन पाहावी. वीतभर व्यासाचं लाकडी कडं, एका तोंडावर ताणलेलं कातडं, कड्यातल्या खाचेत झांजांच्या चकत्या. घोरपडीचं कातडं लावायचा जुना प्रघात होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी घातली. आता बकऱ्याचं कातडं असतं, नाहीतर फायबरचा पडदा. कातडं हवेवर जगतं. पावसाळी रात्री ते ढिलं पडतं, मग पूर्वी शेकोटीपाशी धरायचे, आता दिव्याच्या बल्बजवळ. फायबरला यातलं काही लागत नाही, पण हाताखाली त्याचा आवाज एकसुरी राहतो. जुने वाजवणारे अजून कातड्याचाच आग्रह धरतात आणि मला त्यांचं पटतं.

विदर्भात खंजिरी म्हटलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आठवतातच. 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला माणिक नावाने जन्मलेल्या महाराजांचा आवाज सगळ्या देशाने ऐकला. 1935 साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टी पेटले तेव्हा त्यांची भजनं सरकारला इतकी जड गेली की त्यांना तुरुंगात टाकण्यात आलं. 1955 साली जपानच्या विश्वधर्म परिषदेतही खंजिरी त्यांच्या हातात होती. उंच, धारदार, दूरवर जाणारा आवाज आणि साध्या हिंदी-मराठीतले शब्द, ही त्यांची ताकद. पण महाराजांच्या भजनाचा घाट नीट पाहिला तर त्यात एकट्या गळ्याची कमाल दाखवायला जागा फार थोडी आहे. धृपद छोटं, चाल एका ऐकण्यात बसणारी, ठेका भजनी नाहीतर केहरवा. हा सगळा घाट मागे म्हणणाऱ्यांसाठी आणि त्यांच्यामागून म्हणणाऱ्या गावासाठी आहे. मागचे लोक धृपद पहिल्यांदा उचलतात तेव्हा गाव ऐकतं. तिसऱ्यांदा उचलतात तेव्हा गाव त्यांच्यात सामील झालेलं असतं. साथीदार इथे गाणाऱ्याला सांभाळतात आणि त्याच वेळी श्रोत्यांना शिकवतात. संगीताच्या दुसऱ्या कुठल्या बैठकीत साथीवर हे दुहेरी ओझं असतं असं मला आठवत नाही.

शब्द पोचणं हा इथला पहिला कायदा. म्हणून कडवं चालू असताना खंजिरी नुसती बोटांच्या टोकांवर असते, झांज जवळजवळ हलतच नाही. धृपद आलं की पूर्ण पंजा पडतो. तबलजी लग्गीला हात घालतो तोही धृपदातच. टाळकरी सगळ्यांत सावध. कडव्यात एक टाळ चुकून खणखणला तरी अर्धी ओळ बुडते. मागे एक कॉलेजातला मुलगा बसला होता, खणखणीत आवाजाचा. तो बुवांच्या वर जाऊन ताना मारू लागला तसे काका पेटी न थांबवता त्याच्याकडे झुकले. "बाबू, तू गाऊ नोको, म्हण. बुवाचा शबूद आयकू आला पायजे." मुलगा वरमला नाही, समजला. पुढच्या फेरीला त्याने आवाज निम्म्यावर आणला आणि लक्ष बुवांच्या ओठांवर ठेवलं. ओळ कुठे सुटणार हे ओठांवरून आधी कळतं. काका स्वतः मात्र बुवांच्या खांद्याकडे बघत होते: श्वास घ्यायच्या आधी खांदा किंचित उचलला जातो, आणि त्याच क्षणी ते धृपदाचा पहिला स्वर दाबून मागच्यांना वाट दाखवतात. डावा हात भात्यावर, उजवा स्वरावर, नजर खांद्यावर. चाळीसेक मिनिटांत त्यांनी पेटीकडे खाली पाहिलेलं मला दिसलं नाही.

संगीत नाटकवाल्यांची साथ वेगळी होती, पण जात तीच. बालगंधर्वांच्या मागे तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. एकट्याने मैफल जिंकणारा थिरकवाँसाहेबांसारखा तबलिया पदाच्या मागे साधा, गोड ठेका धरून बसायचा, आणि त्या ठेक्यावर बालगंधर्व शब्दाला हवं तसं वळण देऊ शकत. अमरावतीचं या रंगभूमीशी थेट नातं आहे. इथल्या वीर वामनराव जोशी यांचं ‘रणदुंदुभी’ 1927 साली बलवंत संगीत मंडळीने रंगमंचावर आणलं. चाली वझेबुवांच्या आणि गाणारे दीनानाथ मंगेशकर. दीनानाथांची ती चपळ, अनपेक्षित उड्या घेणारी गायकी सांभाळताना साथीदारांची काय तारांबळ होत असेल! तिथे गाणारा पळायचा आणि साथीने त्याला गाठायचं. भजनात गाणारा मुद्दाम थांबतो आणि साथ पुढे होते.

अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांनी या वाद्यालाच नवा विस्तार दिला. वेगवेगळ्या नादांच्या सात खंजिऱ्या समोर मांडून ते वाजवतात आणि तुकडोजी महाराज, गाडगेबाबांचे विचार गावोगाव सांगतात. व्यसन, हुंडा, अंधश्रद्धा यांवर बोलता बोलता हात सात तोंडांवर फिरत असतात. त्यांचं पाहून कितीतरी पोरांनी सप्तखंजिरी हाती घेतली. एकाच माणसाने एवढा ताल सांभाळला तर मागच्यांचं काय, असं वाटू शकतं. पण मागच्यांचं काम उलट वाढतं. बोलण्यातून भजनात आणि भजनातून पुन्हा बोलण्यात कधी जायचं हे आधी ठरलेलं नसतं, त्यामुळे पेटीवाल्याला क्षणभरही गाफील राहता येत नाही.

विदर्भातल्या खंजिरी भजन स्पर्धांत हल्ली उत्कृष्ट तबलावादक, उत्कृष्ट पेटीवादक अशी वेगळी बक्षिसं ठेवतात, हे चांगलं झालं. धृपद उचलणाऱ्यांना मात्र सहसा मंडळाच्या नावातच राहावं लागतं. मी बसलो होतो त्या मंडळात भजनांची एक जाडजूड वही आहे, पुठ्ठा दोऱ्याने शिवलेली. तिच्यात भजनांच्या बाजूला समासात बारीक अक्षरात पट्टी, ठेका आणि पहिला आवाज कुणी उचलायचा त्याचं नाव लिहिलेलं दिसतं. काही नावांवर काट आहे आणि वर दुसरं नाव. त्या रात्री तीन भजनांपुढची काळी दोन खोडून काळी एक झाली आणि एका ठिकाणी त्या कॉलेजातल्या मुलाचं नाव चढलं.

अशा वह्या गावोगाव असतील. त्या गोळा व्हायला हव्यात, आणि त्याहून तातडीने माणसं गाठायला हवीत. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी गेले. त्यांच्या मागे बसून धृपद म्हटलेला तेव्हाचा विशीतला तरुण आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. महाराजांचे विचार ‘ग्रामगीते’त छापलेले आहेत, भजनंही छापलेली आहेत. पण ते कुठल्या पट्टीत गात, ओळ कुठे सोडत, खंजिरी थांबवून मागच्यांना खूण कशी करत, हे त्या म्हाताऱ्यांच्या कानात आहे. सोबत एक पेटी घेऊन जावं आणि त्यांना म्हणायला लावावं. आधी धृपद, मग त्यांना आठवेल तेवढं.