यंत्राचें उत्तर कोठें वळवावें?

आमच्या पिंपळगांव बसवंतच्या मळ्यांत पाण्याची दिशा बदलावयाची, तर विहिरीस हात लावावा लागत नाहीं. फावड्यानें एक दार बुजवून दुसरें मोडलें कीं झालें. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्स या संगणक-प्रणालींतहि असेंच आहे.

येथें टंकून दिलेल्या आज्ञेचें उत्तर एरव्हीं पडद्यावर उमटतें. परंतु आज्ञेपुढें '>' हें चिन्ह व एखाद्या फाइलीचें नांव लिहिलें, तर तें उत्तर पडद्यावर न येतां त्या फाइलींत जाऊन पडतें. हें काम आज्ञा करीत नाहीं. तिला त्याची वार्ताहि नसते. तें करतो शेल, म्हणजे आपलें म्हणणें ऐकून आज्ञांना कामास लावणारा कारभारी.

धोका आहे तो येथेंच. निवृत्तीनंतर मीं जुन्या विद्यार्थ्यांचीं नांवें आठवून आठवून एका फाइलींत लिहिलीं होतीं. तीं क्रमवार लावण्यासाठीं 'सॉर्ट' ही आज्ञा दिली आणि उत्तर त्याच फाइलींत वळविलें. क्षणार्धांत यादी कोरी झाली! दोष यंत्राचा नव्हता. शेल आधीं फाइल रिकामी करतो आणि मग आज्ञेस बोलावतो. सॉर्ट वाचावयास आली, तेव्हां वाचण्याजोगें कांहीं उरलेंच नव्हतें.

म्हणून उत्तर नेहमीं निराळ्या नांवाच्या फाइलींत घ्यावें, तपासावें, मगच जुनी फाइल बदलावी. जुन्या मजकुराखालीं भर घालावयाची असल्यास चिन्ह दोनदां लिहावें: '>>'. शेलवर 'नोक्लॉबर' हा निर्बंध घातला, तर '>' लिहूनहि असलेली फाइल पुसली जात नाहीं.

आणखी एक. उत्तराचा पाट वेगळा, तक्रारीचा वेगळा. उत्तर फाइलींत गेलें तरी चुकीची सूचना पडद्यावरच दिसते. आरंभीं असें नव्हतें. बेल प्रयोगशाळेंत छपाईच्या अक्षरजुळणी-यंत्रावर मजकुराऐवजीं चुकीच्या सूचनाच जुळून येऊं लागल्या, तेव्हां हा दुसरा पाट काढण्यांत आला. तोहि वळवावयाचा असल्यास चिन्हास लागून, त्याच्या आधीं, इंग्रजी दोनाचा आंकडा लिहावा.

यादी मीं पुन्हां लिहावयास घेतली आहे. कांहीं नांवें अद्याप आठवत नाहींत. श्रोत्यांनीं एवढेंच लक्षांत ठेवावें: दार मोडण्यापूर्वीं पाणी कोणत्या वाफ्यांत शिरणार, आणि तेथें आधींच काय पेरलेलें आहे, तें पाहून घ्यावें.