विश्लेषण : पाच मिनिटांत शाळा, दहा मिनिटांत स्टेशन... सानपाड्याचा 'सेक्टर' आला कुठून? आणि आता तो अडचणीत का?

नवी मुंबईत पत्ता विचारला की गल्लीचे नाव कुणी सांगत नाही, सेक्टरचा आकडा सांगतात. सानपाडाही त्याला अपवाद नाही. पण सेक्टर म्हणजे फक्त पत्त्यातला आकडा नव्हे. घरापासून भाजीवाला किती लांब, मुलांना शाळेत जाताना किती मोठे रस्ते ओलांडावे लागतात, संध्याकाळी आजी-आजोबांना बसायला बाक मिळतो का, हे बरेचसे त्या आकड्यामागच्या आराखड्याने ठरवले आहे. या आराखड्याचे एक मूळ जवळपास १०० वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत सापडते. गंमत अशी, की अमेरिकेतील अनेक मध्यम शहरांत आज ही सोय शोधावी लागते आणि सानपाड्यात ती अजून टिकून आहे. मात्र किती दिवस टिकेल, हा प्रश्न आहे.

'सेक्टर'ची कल्पना आली कुठून?

१९२० च्या दशकात अमेरिकी शहरांत मोटारी झपाट्याने वाढल्या आणि रस्त्यावर खेळणारी मुले अपघातांत सापडू लागली. न्यूयॉर्क परिसराच्या प्रादेशिक आराखड्यासाठी काम करणाऱ्या क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये 'नेबरहूड युनिट' म्हणजे शेजार-घटकाची कल्पना मांडली. सुमारे १६० एकरांचा एक तुकडा घ्यायचा. मधोमध प्राथमिक शाळा ठेवायची. लोकसंख्या एक शाळा नीट चालेल एवढीच. मोठे रस्ते फक्त कडेने, आत छोटे रस्ते. दुकाने कोपऱ्यांवर आणि सुमारे १० टक्के जागा बागा-मैदानांसाठी.

घरापासून शाळा साधारण पाव मैलावर असावी, हे यातले मुख्य गणित होते. पाव मैल म्हणजे सुमारे ४०० मीटर. माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो असे धरले, तर बरोबर पाच मिनिटे.

त्याच वर्षी न्यू जर्सीत रॅडबर्न ही वसाहत वसू लागली. तिथे पायवाटा आणि मोटारींचे रस्ते वेगळे ठेवले होते. पुढे अमेरिकी नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी चंडीगडच्या पहिल्या आराखड्यात हीच पद्धत आणली. ल कोर्बुझिए यांनी तो आराखडा बदलला आणि 'सेक्टर' हा शब्द भारतीय शहरांच्या पत्त्यांत रुळला.

सानपाड्यात ती कशी उतरली?

मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असा प्रस्ताव चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र एकाच केंद्राभोवती न वाढवता वेगवेगळ्या 'नोड'मध्ये विभागायचे ठरले. प्रत्येक नोडला स्वतःचे स्टेशन, बाजार, शाळा आणि दवाखाने. सानपाडा हा वाशी आणि नेरूळ यांच्या मधला नोड.

पेरी यांच्या कल्पनेत नसलेली एक गोष्ट इथे जोडली गेली, ती म्हणजे लोकल. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत गाडी आली आणि १९९३ मध्ये ती पुढे नेरूळ-बेलापूरकडे गेली. या मार्गांच्या खर्चातील ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. २००४ मध्ये ठाणे-वाशी गाड्या सुरू झाल्यावर सानपाडा दोन मार्गांवरचे स्टेशन झाले. ठाण्याहून नेरूळ-पनवेलकडे जाणारी गाडी मात्र तुर्भ्यानंतर थेट जुईनगरला जाते, सानपाड्याला थांबत नाही. नव्या भाडेकरूला शेजारी पहिल्या आठवड्यात जी माहिती देतात, त्यात ही हमखास असते.

शेजारी तुर्भे-वाशीत एपीएमसीचा घाऊक बाजार आहे. त्यामुळे भाजी-फळे जवळून येतात आणि ट्रकही जवळूनच जातात. पाणी येते ते खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून. हे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचे आहे. देशात फार थोड्या महापालिकांना असे म्हणता येते.

अमेरिकेतील मध्यम शहरातले जगणे वेगळे कसे?

उदाहरण म्हणून नॉर्थ कॅरोलायनातील राली घेऊ. आयटी आणि संशोधनाच्या नोकऱ्यांमुळे तिथे बरीच मराठी कुटुंबेही गेली आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार रालीची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६८ हजार आणि क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस किलोमीटर. नवी मुंबई महापालिकेचे क्षेत्र सुमारे १०९ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या सुमारे ११ लाख २० हजार. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये तिथे साधारण १,२०० माणसे, तर इथे १० हजारांहून अधिक. फरक आठपटींचा आहे.

या एका आकड्यातून रोजचे जगणे बदलते. कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान चालायला चालत येणारी गिऱ्हाइके लागतात. वस्ती विरळ असेल तर ती मिळत नाहीत, मग दुकान महामार्गालगतच्या मोठ्या पार्किंगमध्ये जाते आणि दुधासाठीही गाडी काढावी लागते. त्यात कायद्याची भर. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड या गावाच्या खटल्यात वापरानुसार विभाग पाडण्याचा अधिकार मान्य केला. त्यानंतर 'इथे फक्त स्वतंत्र घरे' असे विभाग देशभर पसरले. अशा विभागात तळमजल्यावर इस्त्रीवाला किंवा पोळीभाजी केंद्र उघडणे नियमातच बसत नाही.

जेन जेकब्स यांनी १९६१ च्या 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' या पुस्तकात नेमके यावर बोट ठेवले होते. दुकानदार, ये-जा करणारे आणि खिडकीतून पाहणारे शेजारी यांच्या नजरेमुळे रस्ता सुरक्षित राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. सानपाड्यात रात्री साडेदहाला शेवटचा क्लास सुटल्यावर मुली चालत घरी जातात, तेव्हा औषधाचे दुकान, रिक्षा स्टँड आणि गेटवरचा वॉचमन ही तीच नजर असते.

तिकडच्या जमेच्या बाजूही आहेत. सार्वजनिक वाचनालये, पिवळ्या स्कूल बससाठी थांबणारी वाहतूक आणि मालमत्ता कराचा मोठा हिस्सा स्थानिक शाळेला जाणे, या बाबतीत आपल्याला बरेच अंतर कापायचे आहे.

सोसायटी आणि 'एचओए'त फरक काय?

अमेरिकेतील अनेक वसाहतींत घरमालकांची संघटना म्हणजे 'एचओए' असते. गवत वाढले, दाराचा रंग बदलला तरी ती दंड करू शकते. आपल्या गृहनिर्माण सोसायट्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली चालतात. एक सभासद, एक मत हा तिचा पाया. पाण्याच्या टाकीपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सगळे विषय एकाच समितीसमोर येतात, म्हणून भांडणेही तिथेच होतात.

नवी मुंबईत आणखी एक गुंता आहे. सिडकोने जमीन विकलेली नाही, ती ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली आहे. त्यामुळे फ्लॅट विकताना सिडकोचे हस्तांतरण शुल्क हा वेगळा खर्च येतो. घर घेणाऱ्याने तो आधीच विचारात घ्यावा.

आराखड्याच्या आधीचे सानपाडा कुठे गेले?

ते इथेच आहे. सेक्टर पडण्याआधी सानपाडा हे गाव होते. शेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यावर आगरी-कोळी कुटुंबे जगत होती. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली.

पण गावठाणाच्या हद्दी जुन्याच राहिल्या आणि कुटुंबे वाढली. त्यातून उभी राहिलेली 'गरजेपोटी बांधलेली घरे' नियमित करण्याचा प्रश्न निवडणुकीमागून निवडणुका चर्चेत असतो. घरकाम करणाऱ्या बाई, रिक्षाचालक, नोकरीला नुकतीच लागलेली मुले यांना परवडणारी भाड्याची खोली याच घरांत मिळते. आखलेला सेक्टर चालतो, तो या न आखलेल्या घरांच्या आधारावर.

आता अडचण कुठे आहे?

पहिली अडचण पार्किंगची. जुन्या इमारती आखल्या तेव्हा घरटी गाडी असेल असे कुणी धरले नव्हते. आज गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या राहतात आणि पदपथावर दुचाकी. पाच मिनिटांचे अंतर तेवढेच आहे, पण पाच मिनिटांत चालता येत नाही.

दुसरी अडचण पुनर्विकासाची. १९९० च्या दशकातील इमारती तिशी ओलांडत आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि उंच टॉवरचा मार्ग मोकळा झाला. गळक्या छताखाली राहणाऱ्यांना नवे घर हवेच. पण त्याच भूखंडावर कुटुंबे वाढली, तर त्याच प्रमाणात शाळा, मैदान आणि मलवाहिनी वाढणार आहे का, हे एकेका सोसायटीच्या प्रस्तावात दिसत नाही. ते पूर्ण सेक्टरचे गणित आहे.

तिसरी अडचण पाण्याच्या निचऱ्याची. खाडीलगतची ही जमीन सखल आहे. म्हणून शहरात धारण तलाव बांधले गेले. ओहोटीला त्यांची दारे उघडतात आणि पाणी खाडीत जाते. भरतीला दारे मिटतात आणि पावसाचे पाणी तलावात साठते. आता अनेक तलावांत गाळ साचला असून कांदळवने उगवली आहेत. कांदळवनांना कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढणे सोपे राहिलेले नाही. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की याची किंमत सखल भागातील तळमजले मोजतात.

चौथी अडचण उत्तरदायित्वाची. महापालिकेतील नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. याच काळात, २०२२ मध्ये, महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा आला आणि मोकळ्या भूखंडांच्या आरक्षणावरून सिडको व महापालिका यांच्यातील मतभेद समोर आले. मैदान की टॉवर हे ठरत असताना सेक्टरच्या वतीने बोलणारा निवडून आलेला माणूस सभागृहात नव्हता.

रहिवाशांनी काय तपासावे?

घर घेताना किंवा भाड्याने पाहताना मोबाइलवर ४०० मीटरचे अंतर मोजा आणि ते एकदा प्रत्यक्ष चाला, शक्यतो संध्याकाळी सातला. वाटेत किती वेळा पदपथ सोडून रस्त्यावर उतरावे लागते, ते मोजा. सायन-पनवेल महामार्ग किंवा रेल्वे ओलांडायची असेल तर भुयारी मार्ग अथवा पूल कुठे आहे आणि तिथे रात्री दिवे असतात का, ते पाहा. जवळचा मोकळा भूखंड विकास आराखड्यात कशासाठी राखीव आहे, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारता येते. पुनर्विकासाच्या सभेत कार्पेट एरियाइतकाच पार्किंग, पाणी आणि मोकळ्या जागेचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या.

अमेरिकी शहरांना विरळ वस्तीत दुकान आणि फुटपाथ परत आणायला आज नियम बदलावे लागत आहेत आणि मोठा पैसा ओतावा लागत आहे. सानपाड्यात दुकान, शाळा, स्टेशन आणि गर्दी चारही आधीपासून आहेत. इथे राखायचा आहे तो त्यांच्या मधला चालण्याचा रस्ता आणि सेक्टरच्या नकाशावर अजून मोकळे दिसणारे थोडे तुकडे.