फॉर्च्युनर की एंडेव्हर? ट्रेलर ओढायला जुनी डिझेल फोर बाय फोर घेताना मोबाइलवर काय काय तपासाल

शहापूर तालुक्यातल्या डोळखांबहून एका वाचकाचा प्रश्न आलाय. त्याला चहा-नाश्त्याचा छोटा ट्रेलर करून घ्यायचाय. शनिवार-रविवारी देहणेला आजोबा डोंगरावर येणाऱ्या ट्रेकर्ससाठी तो उभा करायचा आणि लग्नसराईत मुरबाडकडे न्यायचा. ट्रेलर ओढायला आणि घरच्यांना फिरवायला एकच गाडी हवी. नजरेत दोन आहेत. एक २०१७ ची टोयोटा फॉर्च्युनर, २.८ लिटर ऑटोमॅटिक फोर बाय फोर. दुसरी २०१७ चीच फोर्ड एंडेव्हर, ३.२ लिटर फोर बाय फोर, नंबर एचआर २६ म्हणजे गुरुग्रामचा, आणि बरीच स्वस्त. घरची सगळी जमवाजमव यात जाणार आहे. मग घ्यायची कोणती?

(फक्त टपरीच लावायची असती तर पिकअप घे म्हटलं असतं. पण पांढऱ्या फॉर्च्युनरचं आपल्याकडे काय वजन आहे, ते वेगळं सांगायला नको.)

आधी ताकदीचं बघू, कारण सगळे तेच विचारतात. फॉर्च्युनर ऑटोमॅटिकचा टॉर्क ४५० न्यूटन मीटर, एंडेव्हर ३.२ चा ४७०. टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर. गॅस, भांडी, पाणी धरून ट्रेलर समजा १२०० किलोचा झाला, तरी दोन्ही गाड्या तो आरामात ओढतील. तेव्हा या २० न्यूटन मीटरवरून मित्रांशी भांडू नका.

खरा प्रश्न थांबण्याचा आहे. फॉर्च्युनर साधारण २१०० किलोची. मागे १२०० किलो जोडले की एकूण ३३००, म्हणजे तेवढ्याच वेगाला ब्रेकवर दीडपटीहून जास्त काम. माळशेज किंवा कसारा घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवलात तर ते तापतात आणि पकड सोडतात. म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ओव्हररन ब्रेक नावाचा प्रकार साधा असतो. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे हुकवर दाबला जातो आणि त्याच दाबाने त्याचे ब्रेक लागतात. ऑस्ट्रेलियात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे, आणि तिथे याच गाड्या तीन टनांच्या आसपास ओढतात ते ट्रेलरला ब्रेक असतात म्हणून. यूट्यूबवरचा तो तीन टनांचा आकडा इथे लागू करू नका. ज्या गाडीचा सौदा करताय तिचं भारतातलं मॅन्युअल उघडा आणि ट्रेलरचं पान वाचा. तिथे 'ओढू नका' लिहिलं असेल तर पुढे वॉरंटी-विम्याचा वाद झाल्यावर कंपनी तेच पान दाखवणार.

ट्रेलर मागे डुलायला लागला तर गाडीलाही घेऊन जातो. यात एंडेव्हर उजवी आहे. ती दोनशे किलोहून जास्त जड आहे, आणि दोन चाकांमधलं अंतर २८५० मिलिमीटर, फॉर्च्युनरचं २७४५. पण गाडी कोणतीही असो, ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग हुकवर आला पाहिजे. १२०० किलोला १२० किलो. घरातला वजनकाटा हुकच्या दांडीखाली ठेवून मोजता येतं. २०० लिटरची पाण्याची टाकी मागच्या टोकाला बसवलीत तर हे गणित बिघडलंच. अख्ख्या ट्रेलरचं वजन मात्र वाळू-खडीच्या गाड्या जातात त्या काट्यावरच करा.

चिखलाचं काय? फॉर्च्युनरमध्ये फोर बाय फोर आपण बटण फिरवून लावायची. चिखलात ४एच, आणि कोरड्या डांबरावर आलात की परत २एच. तसंच ठेवलंत तर वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि गिअरचे भाग झिजतात. एंडेव्हर गरजेप्रमाणे स्वतःच पुढच्या चाकांना जोर देते. ओल्या डांबरावर ते सोयीचं. ट्रेलर रिव्हर्समध्ये चढावर न्यायचा असेल तर दोन्हीकडे लो रेंज आहे.

आता मोबाइल काढा. एम-परिवहन अॅपमध्ये नंबर टाका. नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि गाडीवर कर्ज आहे का ते कळेल. थकलेलं ई-चलान वेगळं तपासा.

मग ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल घ्या. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून अॅप जोडा. विकणारे बऱ्याचदा दाखवायच्या आधी एरर कोड पुसून ठेवतात, आणि आपण 'एकही एरर नाही' बघून खूश होतो. म्हणून 'कोड पुसल्यानंतरचं अंतर' हा आकडा शोधा. तो १२ किलोमीटर निघाला तर काल-परवाच कुणीतरी सफाई केलीय. मग मुरबाडहून माळशेज चढा, एसी चालू ठेवून, कूलंटचं तापमान स्क्रीनवर. साधारण ८५ ते १०० च्या आत राहिलं तर ठीक. घाटात चढतच गेलं, तर ट्रेलर लावल्यावर काय होईल ते तुम्हीच समजा. ऑटो गिअर बदलताना झटके देतोय का तेही बघा. ट्रेलरचा सगळ्यात जास्त त्रास ऑटो गिअरबॉक्सला होतो, आणि त्याचं काम खिसा रिकामा करतं.

एंडेव्हर स्वस्त का, याची दोन कारणं. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. त्यावर नंतरही कोर्टात वाद झालेत, पण २०१७ ची गाडी तिथला माणूस लवकर काढायला बघणारच. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणून ती इकडे येते. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला नवा नंबर आणि महाराष्ट्राचा कर हे सगळं तुमच्या डोक्यावर. तो खर्च किमतीत मिळवा, मग 'स्वस्त' किती उरतं ते बघा. दुसरं कारण, फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं. सर्व्हिस चालू आहे, पण शनिवारी सकाळी एखादा सेन्सर गेला तर तो शहापुरात मिळेल या भरवशावर धंदा लावू नका.

माझं मत विचाराल तर ट्रेलर लावून चालवायला एंडेव्हर जास्त छान. पण डोळखांबला राहून महिनाभर पार्टची वाट बघणं ज्याला परवडत नाही, त्याने फॉर्च्युनर घ्यावी, ओबीडीवर साफ निघाली तरच. एंडेव्हरचं सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असेल आणि एनओसी हातात पडली असेल, तरच तिचा विचार.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याची स्वतःची नोंदणी लागते, आणि ट्रेलरवर ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसला पाहिजे. गावातल्या वेल्डरकडून टाका मारून घेतलेल्या ट्रेलरला ही नोंदणी मिळणं अवघड. त्यामुळे गाडीचं टोकन द्यायच्या आधी ट्रेलर बनवणाऱ्याला एकच विचारा, पासिंग करून देणार का. तो गप्प बसला तर टोकन खिशातच ठेवा.